जुनी गाडी सुरू होत नाही तेव्हा : तपासणीचा क्रम

गाडी सुरू झाली नाही की बहुतेकांचा हात आधी कार्बोरेटरकडे, म्हणजे हवेत पेट्रोल मिसळणाऱ्या भागाकडे, जातो. तो समोरच दिसतो आणि त्याचे स्क्रू साध्या पेचकसाने फिरतात, एवढंच त्याचं कारण असावं. दोन तासांनी कार्बोरेटर उघडून पडलेला असतो, आयडलिंगचे स्क्रू मूळ जागेवरून हललेले असतात आणि खरा दोष मात्र बॅटरीच्या टर्मिनलखालच्या पांढऱ्या भुकटीत असतो. गाडी एका बिघाडाने बंद पडलेली असते, आता तिच्यात तीन झालेले असतात.

हा लेख कार्बोरेटर, डिस्ट्रिब्युटर (प्लगना आळीपाळीने स्पार्क वाटणारा भाग) आणि पॉइंट (त्याच्या आतले उघडमीट करणारे संपर्क) असलेल्या जुन्या पेट्रोल गाड्यांसाठी आहे. जुन्या डिझेलबद्दल शेवटाकडे थोडं लिहिलं आहे. क्रम मोडू नका. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि ती बदलली की पुन्हा सेल्फ मारून बघा. एकदम प्लग, कॉइल (स्पार्कसाठी बॅटरीचे व्होल्ट वाढवणारी) आणि कंडेन्सर (पॉइंटवरची ठिणगी दाबणारा) बदलून गाडी सुरू झाली तरी दोष कशात होता ते कळत नाही आणि महिन्याभराने पुन्हा तिथेच उभं राहावं लागतं.

टप्पा १ : तयारी

गाडी सपाट जागी, न्यूट्रलमध्ये, हॅण्डब्रेक ओढून आणि चाकांना अडण लावून उभी करा. बंद गॅरेजमध्ये काम करायचं असेल तर दार उघडं ठेवा. इंजिन अचानक सुरू झालं तर धूर कोंडतो आणि त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. अंगठी, कडं, घड्याळ काढून ठेवा. ओढणी, मफलर, सैल बाह्या फॅनपासून लांब. आग विझवण्याचं सिलिंडर हाताशी हवं, डिकीत सामानाखाली नको.

हत्यारं फार लागत नाहीत: मल्टीमीटर, १२ व्होल्टचा टेस्ट लॅम्प, प्लग पाना, फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या), बारीक पॉलिश पेपर, इन्सुलेटेड पक्कड, थोडी चिकटपट्टी आणि एक पेन. फोनने इंजिनचे चार-पाच फोटो आधीच काढा. प्लगच्या वायरी नेमक्या कुठून कुठे जातात ते अर्ध्या तासाने कोणालाच आठवत नाही.

गाडी बरेच महिने उभी असेल तर लगेच सेल्फ मारू नका. आधी ऑइल आणि पाणी बघा. सगळे प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल सोडा आणि क्रँक पुलीच्या बोल्टला पाना लावून इंजिन त्याच्या नेहमीच्या दिशेने हाताने दोन फेरे फिरवा. सहज फिरलं तर पुढे जा. अडलं तर जोर लावू नका. सिलिंडर गंजले असतील तर ऑइल मुरायला एक-दोन दिवस द्या. प्लगच्या भोकातून पाणी उडालं तर हेड गॅस्केटचा (ब्लॉक आणि वरचं हेड यांमधल्या सीलचा) संशय घ्या आणि तिथेच थांबा. पाणी भरलेल्या सिलिंडरवर सेल्फ मारला तर कनेक्टिंग रॉड वाकतो.

*इशारा :* काही जुन्या गाड्यांत बॅटरी ६ व्होल्टची असते, तर काहींत पॉझिटिव्ह बाजू बॉडीला जोडलेली असते. बॅटरीला हात लावण्याआधी बॉडीकडे कोणती वायर गेली आहे ते बघा. पुढचे सगळे आकडे १२ व्होल्ट, निगेटिव्ह अर्थच्या गाडीचे आहेत.

टप्पा २ : किल्ली फिरवा आणि ऐका

इथे घाई झाली की पुढची सगळी दिशा चुकते. रेडिओ, पंखा बंद करा, हेडलाइट लावा, कोणाला तरी किल्ली फिरवायला सांगा आणि तुम्ही बोनेटपाशी उभे राहा.

- टक-टक-टक असा भराभर आवाज येतो आणि दिवे जवळजवळ विझतात : बॅटरी उतरलेली आहे किंवा जोड खराब आहे.
- एकच ठसठशीत ‘ठक’, पुढे काही नाही : सॉलेनॉइडचे (सेल्फला बॅटरीचा करंट जोडणाऱ्या विजेच्या स्विचचे) आतले संपर्क, सेल्फ मोटर किंवा अडकलेलं इंजिन.
- आवाज नाही, दिवेही तसेच : करंट सॉलेनॉइडपर्यंत पोहोचतच नाही. इग्निशन स्विच, रिले, सॉलेनॉइडवरची बारीक वायर, ऑटोमॅटिक असेल तर न्यूट्रलचा स्विच.
- सेल्फ नेहमीसारखा फिरतो पण इंजिन पकडत नाही : बॅटरी ठीक आहे. टप्पा ३ सोडून थेट ४ वर जा.
- सेल्फ नेहमीपेक्षा हलका, एकसुरात भर्रकन फिरतो : कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) नाही. टायमिंग बेल्ट तुटल्याची शक्यता मोठी. सेल्फ लगेच थांबवा आणि थेट टप्पा ६.

सेल्फ एका वेळी १० सेकंदांपेक्षा जास्त मारू नका आणि मध्ये निदान मिनिटभर थांबा. सेल्फ मोटर अल्पकाळ चालण्यासाठीच बनवलेली असते; अर्धा मिनिट सलग फिरवली तर तिची गुंडाळी तापून जळते आणि बिघाडांत एकाची भर पडते.

टप्पा ३ : सेल्फ फिरत नाही किंवा मंद फिरतो

आधी बॅटरी मोजा. गाडी काही तास उभी असताना टर्मिनलवर १२.६ व्होल्टच्या आसपास दिसलं तर ती पूर्ण चार्ज आहे. १२.२ म्हणजे साधारण निम्मी, १२ च्या खाली म्हणजे जवळपास रिकामी. आता मीटर तसाच धरून सेल्फ मारा. आकडा ९.६ च्या खाली गेला तर बॅटरी आधी चार्ज करा आणि मगच पुढचं बोला. उभ्या स्थितीत १२.६ दाखवून सेल्फ मारताच ७ वर कोसळणारी बॅटरी आतून संपलेली असते. ‘मीटरवर तर बरोबर दाखवतं’ म्हणून अशाच बॅटरीवर लोक दिवसभर झुंजतात.

आकडा टिकला तरी सेल्फ मंद असेल तर जोड तपासा. डोळ्यांनी बघून ते कळत नाही, मीटरने कळतं. मीटर व्होल्टवर ठेवून एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर आणि दुसरं इंजिन ब्लॉकच्या स्वच्छ धातूवर धरा, मग सेल्फ मारा. ०.३ व्होल्टपर्यंत चालेल. जास्त दिसलं तर अर्थिंगचा रस्ता खराब आहे. तसंच पॉझिटिव्ह खांब ते सेल्फचा जाड बोल्ट मोजा, तिथे ०.५ च्या आत हवं. टोक खांबावरच टेकवा, क्लॅम्पवर नको. बहुतेकदा दोष त्या दोघांच्या मधेच असतो.

इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेलं असतं, त्यामुळे ते बॉडीला विजेने जोडायला वेगळी अर्थची पट्टी असते. ती सैल किंवा गंजलेली असेल तर करंट मिळेल त्या वाटेने परततो, आणि ती वाट पुष्कळदा चोकची किंवा अ‍ॅक्सिलरेटरची केबल असते. सेल्फ मारल्यावर चोकची केबल कोमट लागली तर दुसरीकडे शोधू नका. माझी एक पूर्ण दुपार या पट्टीने खाल्ली आहे. मी सेल्फ उतरवून, उघडून, साफ करून परत बसवला होता. पडताळा सोपा आहे: जंपर केबलचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरं थेट इंजिनला लावा. सेल्फ जोरात फिरला तर पट्टी बदला.

टर्मिनल साफ करताना निगेटिव्ह आधी काढा आणि शेवटी लावा. उलट केलं तर पाना बॉडीला टेकून ठिणग्या उडतात आणि चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन निघत असतो, तो ठिणगीने पेटू शकतो.

दुसऱ्या गाडीवरून जंपर लावायचा क्रम असा : लाल केबल उतरलेल्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला, मग चांगल्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला, काळी चांगल्या बॅटरीच्या निगेटिव्हला आणि शेवटचं टोक बंद गाडीच्या इंजिनच्या धातूवर, बॅटरीपासून लांब. दोन्ही बॅटऱ्या एकाच व्होल्टच्या हव्यात.

‘ठक’ येऊन सेल्फ फिरत नसेल आणि बॅटरी व जोड ठीक असतील, तर इग्निशन बंद करून गाडी वरच्या गिअरमध्ये टाका आणि पुढे-मागे हलवा. सेल्फचं दातेरी चाक फ्लायव्हीलमध्ये अडकलं असेल तर सुटतं. गिअर न्यूट्रलमध्ये परत आणायला विसरू नका.

*पडताळा :* सेल्फ जोमाने, एका लयीत फिरतोय का? नसेल तर पुढे जाऊ नका. मंद सेल्फ सगळे व्होल्ट गिळतो आणि स्पार्क कमजोर पडतो. मग लोक चांगली कॉइल बदलतात.

टप्पा ४ : स्पार्क

पेट्रोलच्या आधी स्पार्क. स्पार्कचं उत्तर पाच मिनिटांत मिळतं, आणि इंधनाचे जोड उघडून सगळीकडे पेट्रोल सांडल्यावर स्पार्क बघणं हा आगीचा खेळ आहे.

४.१ एक प्लग काढा, वायर त्याला लावा आणि त्याचा धातूचा भाग इंजिनच्या उघड्या धातूवर टेकवा, पण प्लगच्या भोकापासून लांब. पक्कड इन्सुलेटेड हवी. सेल्फ मारा. निळसर, चटचट आवाज करणारा स्पार्क हवा. पिवळट, बारीक, आवाज न करणारा स्पार्क उघड्यावर दिसला तरी सिलिंडरमधल्या दाबात विझतो. गाडीत नंतर कोणी इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवलं असेल तर वायर अधांतरी ठेवून सेल्फ मारू नका, मॉड्यूल जळू शकतं.

काढलेला प्लग लगेच पुसू नका. तो ओला, वासाचा आहे की कोरडा, ते लिहून ठेवा. टप्पा ५ मध्ये लागेल.

४.२ प्लगवर स्पार्क नसेल तर कॉइलची मधली जाड वायर डिस्ट्रिब्युटरच्या कॅपमधून काढा, तिचं टोक इंजिनच्या धातूपासून ५–६ मिलीमीटरवर पकडीने धरा आणि सेल्फ मारा. इथे चांगला स्पार्क आला तर दोष कॅप, रोटर (कॅपखाली फिरणारा हात) किंवा प्लगच्या वायरींत आहे. कॅप आतून बघा : ओल, केसासारखी तडा, काळी रेघ, मधला कार्बनचा खिळा झिजलेला. दमट सकाळी सुरू न होणारी आणि दुपारी आपोआप सुरू होणारी गाडी बहुधा इथेच सापडते. कॅप कोरड्या फडक्याने पुसा. काळी रेघ असेल तर मात्र पुसून उपयोग नाही, ती करंटची वाट झालेली असते; कॅप बदला.

४.३ कॉइलच्या वायरलाही स्पार्क नसेल तर टेस्ट लॅम्प घ्या. त्याचा चिमटा धातूला लावून, इग्निशन चालू ठेवून टोक कॉइलच्या पॉझिटिव्हला टेकवा. दिवा लागला नाही तर स्विच, वायर किंवा बॅलास्ट रेझिस्टर (कॉइलकडे जाणारा करंट कमी करणारा रोध). लागला तर टोक कॉइलच्या निगेटिव्हला, म्हणजे डिस्ट्रिब्युटरकडे जाणाऱ्या बाजूला धरा आणि सेल्फ मारा. दिवा लुकलुकायला हवा.

सतत पेटलेला राहिला तर पॉइंट जुळतच नाहीत : त्यांवर मळ किंवा ऑक्साइडचा थर आहे, नाहीतर डिस्ट्रिब्युटर फिरतच नाही. सतत विझलेला राहिला तर पॉइंट उघडत नाहीत, कंडेन्सर शॉर्ट आहे, वायर कुठेतरी बॉडीला घासली आहे किंवा कॉइलची आतली गुंडाळी तुटली आहे. या एका दिव्याच्या लुकलुकण्यावरून जेवढं कळतं तेवढं महागड्या मीटरवरूनही कळत नाही, असं माझं मत आहे.

४.४ बरेच दिवस उभ्या गाडीचे पॉइंट साफ करावेच लागतात. बारीक पॉलिश पेपर त्यांच्यामधून दोन-तीन वेळा ओढा, मग कोरा जाड कागद ओढून धूळ काढा. तेलकट बोट लावू नका. गॅप मोजताना पॉइंटची टाच कॅमच्या नेमक्या उंचवट्यावर हवी. तिथे फीलर गेज साधारण ०.४ मिलीमीटरचं बसावं. उतारावर मोजलेला गॅप चुकतो आणि टायमिंगही (स्पार्क पडण्याची नेमकी वेळ) हलतं. तुमच्या गाडीच्या पुस्तकात वेगळा आकडा असेल तर तोच धरा. प्लगचा गॅप बहुतेक जुन्या गाड्यांत ०.६ ते ०.८ मिलीमीटर असतो.

सेल्फ फिरताना पॉइंटवरच मोठ्या ठिणग्या उडतात आणि प्लगवर मात्र पिवळट स्पार्क येतो, तेव्हा कंडेन्सर बदला. नवा लावूनही फरक पडला नाही तर जुनाच ठीक असू शकतो, फेकू नका.

*इशारा :* तपासताना इग्निशन चालू ठेवून चहाला जाऊ नका. पॉइंट मिटलेले असतील तर कॉइल तापत राहते आणि बॅटरीही उतरते.

सेल्फ फिरत असताना इंजिन पकडतं आणि किल्ली सोडताच विझतं, असं होत असेल तर थेट बॅलास्ट रेझिस्टर बघा. सेल्फच्या वेळी कॉइलला करंट त्याला वळसा घालून मिळतो, किल्ली सोडली की त्याच्यातून. तो तुटलेला असला की नेमकं असंच होतं. या लक्षणावर कार्बोरेटर उघडणारे मी फार पाहिले आहेत.

टप्पा ५ : इंधन

निळा स्पार्क मिळाल्यावरच इथे या. आधी काढलेला प्लग आठवा.

*प्लग ओला असेल तर* इंजिन ओव्हर झालं आहे, म्हणजे सिलिंडरमध्ये जास्त पेट्रोल गेलं आहे. चोक (थंड इंजिनसाठी हवा अडवणारी झडप) पूर्ण उघडा, अ‍ॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबून तसाच धरा आणि १० सेकंद सेल्फ मारा. पंप करू नका. प्रत्येक दाबाबरोबर कार्बोरेटर आणखी पेट्रोल फेकतो. नाहीच पकडलं तर प्लग काढून वाळवा आणि भोकं दहा मिनिटं उघडी ठेवा. पुन्हा पुन्हा ओव्हर होत असेल तर चोक गरम इंजिनवरही मिटलेला राहतो का, फ्लोटची (वाटीतल्या पेट्रोलवर तरंगणाऱ्या भागाची) सुई गळते का आणि फ्लोटमध्ये पेट्रोल शिरून तो बुडाला आहे का, हे बघा. फ्लोट कानाशी हलवला तर आतलं पेट्रोल ऐकू येतं.

*प्लग कोरडा असेल तर* एअर क्लीनर काढा, इंजिन बंद ठेवून कार्बोरेटरच्या गळ्यात टॉर्च मारा आणि अ‍ॅक्सिलरेटर एकदा झटक्यात दाबा. पेट्रोलची बारीक धार दिसली तर फ्लोटच्या वाटीत पेट्रोल आहे. (काही कार्बोरेटरांत ही धार मुळातच नसते, तिथे वाटीचं झाकण उघडूनच बघावं लागतं.) धार नसेल तर मागे मागे जा.

कॉइलच्या पॉझिटिव्हची बारीक वायर काढून ठेवा, म्हणजे स्पार्क होणार नाही. कार्बोरेटरकडे येणारी पेट्रोलची नळी काढून काचेच्या बाटलीत सोडा आणि सेल्फ मारा. झटक्याझटक्याने जोरदार पेट्रोल यायला हवं. आलं तर दोष फ्लोटच्या सुईत किंवा तिच्या जाळीत. वाटीवर पेचकसाच्या मुठीने हलके ठोके दिले तर अडकलेली सुई पुष्कळदा सुटते. नाही आलं तर टाकीचं झाकण उघडून पुन्हा बघा. उघडताना आत हवा ओढल्याचा आवाज आला आणि मग पेट्रोल येऊ लागलं, तर टाकीचं हवेचं भोक बुजलं आहे. त्यानंतर फिल्टर, टाकी ते पंप यांमधल्या रबरी नळ्या आणि सगळ्यात शेवटी पंपाचा पडदा. नळीला टाकीच्या बाजूला तडा असेल तर पेट्रोल गळेलच असं नाही. पंप तिथून हवा ओढतो आणि खाली ओलही दिसत नाही. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने जुनं रबर लवकर खराब होतं, म्हणून मऊ किंवा तडकलेली नळी दिसली की बदलून टाका.

बाटलीतल्या पेट्रोलचा वास घ्या. कित्येक महिने पडलेल्या पेट्रोलला वार्निशसारखा आंबूस वास येतो, कारण त्यातला सहज पेटणारा भाग उडून गेलेला असतो. ताजं पेट्रोल त्यात मिसळत बसू नका, टाकी रिकामी करा. जेट (कार्बोरेटरमधलं पेट्रोलचं बारीक भोक) चोंदला असेल तर क्लीनर आणि हवेने साफ करा, तार घालू नका; पितळ मऊ असतं आणि भोक मोठं झालं की गाडी कायमची जास्त पेट्रोल पिते.

*इशारा :* गळ्यात बाटलीने पेट्रोल ओतून सेल्फ मारू नका. इंजिनने उलटा फटका दिला तर आग वर येते, आणि तेव्हा तुमचा चेहरा बरोबर त्याच्यावर असतो.

टप्पा ६ : स्पार्क आहे, पेट्रोल आहे, तरी नाही

आता टायमिंग. डिस्ट्रिब्युटरची कॅप काढून सेल्फ मारा (टप्पा २ वरून थेट इथे आला असाल तर सेल्फ नको, इंजिन हाताने फिरवा). रोटर फिरत नसेल तर बेल्ट, चेन किंवा डिस्ट्रिब्युटरचा गिअर गेला आहे. पुढे सेल्फ मारणं बंद. फिरत असेल तर १ नंबरचा प्लग काढून भोकावर अंगठा ठेवा आणि इंजिन हाताने फिरवा. अंगठ्यावर दाब येऊ लागला की पुलीवरची खूण जुळेपर्यंत न्या. या जागी रोटरचं तोंड १ नंबरच्या वायरीकडे हवं. अंगठ्याशिवाय नुसती खूण जुळवणं ही हमखास होणारी चूक आहे. डिस्ट्रिब्युटरच्या एका फेऱ्यात क्रँक दोनदा फिरतो, म्हणून खूण दोनदा जुळते आणि त्यातली एकच खरी असते. चुकीची धरली तर सगळ्या वायरी अर्ध्या फेऱ्याने उलट्या लागतात. मग कार्बोरेटरमधून फटके येतात, पण इंजिन पकडत नाही.

वायरींचा क्रम चार सिलिंडरच्या गाड्यांत बहुधा १-३-४-२ असतो, काहींत १-२-४-३. तो रोटर ज्या दिशेने फिरतो त्याच दिशेने मोजा.

टायमिंगही बरोबर असेल तर कॉम्प्रेशन. सगळे प्लग काढा, कॉइलची बारीक वायर सोडा, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबा आणि गेज लावून पाच-सहा फटके मारा. साधारण ८ ते १२ बार चांगलं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे सिलिंडरांमध्ये फार तफावत नको. शेजारशेजारचे दोन कमी असतील तर हेड गॅस्केट. एकच कमी असेल तर त्यात चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजा : आकडा वर गेला तर रिंगा, तसाच राहिला तर व्हॉल्व्ह. खूप वेळ ओव्हर झालेल्या इंजिनात पेट्रोलने सिलिंडरवरचं ऑइल धुतलं जातं आणि सगळेच आकडे कमी येतात. अशा वेळी प्रत्येकात थोडं ऑइल टाकून सेल्फ मारा, मग इंजिन उतरवण्याचा विचार करा.

जुनं डिझेल असेल तर

स्पार्कचा टप्पा गाळा. सेल्फ जोमाने फिरणं इथे आणखी महत्त्वाचं, कारण डिझेल दाबाच्या उष्णतेवरच पेटतं. हीटर प्लगना (सुरू करण्याआधी सिलिंडर तापवणाऱ्या प्लगना) करंट येतो का ते टेस्ट लॅम्पने बघा. इंजेक्शन पंपावरच्या स्टॉप सॉलेनॉइडला किल्ली चालू केल्यावर १२ व्होल्ट मिळायला हवेत; ते नसतील तर डिझेल पुढे सरकतच नाही.

फिल्टर बदलल्यावर किंवा टाकी कोरडी पडल्यावर गाडी बंद झाली असेल तर एअर पकडली आहे, म्हणजे डिझेलच्या वाटेत हवा शिरली आहे. आधी फिल्टरवरचा एअर स्क्रू सैल करून हॅण्ड पंप मारा, बुडबुडे थांबले की आवळा. मग इंजेक्शन पंपावरचा स्क्रू. शेवटी इंजेक्टरच्या नळ्यांचे नट अर्धा फेरा सैल करून सेल्फ मारा आणि डिझेल दिसताच एकेक आवळत जा. क्रम उलटा केला तर एअर पुन्हा पुढे येते.

*इशारा :* इंजेक्टरच्या धारेसमोर हात धरू नका. तिचा दाब कातडीतून आत शिरण्याइतका असतो, आणि तसं झालं तर जखम टाचणीएवढी दिसली तरी लगेच दवाखाना गाठावा लागतो. हीटर प्लग असलेल्या इंजिनात स्टार्टिंग स्प्रे मारू नका. तापलेल्या प्लगवर तो वेळेआधी पेटतो आणि पिस्टन फुटू शकतो.

टप्पा ७ : सुरू झाल्यावर

लगेच फेरी मारायला निघू नका. ऑइलचा दिवा काही सेकंदांत विझला का? पेट्रोलचे जे जोड उघडले होते ते कोरडे आहेत का? बॅटरीवर मीटर लावून इंजिन थोडं रेस करा; १३.८ ते १४.४ च्या दरम्यान आकडा हवा. १२.५ वरच राहिला तर चार्जिंग होत नाही आणि उद्या सकाळी पुन्हा टप्पा ३ आहे.

मग इंजिन पूर्ण तापू द्या, बंद करा आणि पंधरा मिनिटांनी परत सुरू करा. कॉइल आणि कंडेन्सर थंड असताना चांगले वागून गरम झाल्यावर दगा देतात, आणि ते रस्त्यात कळण्यापेक्षा हत्यारं बाहेर पडलेली असतानाच कळलेलं बरं. पंधरा मिनिटांनी सुरू झाली नाही तर काहीही हलवण्याआधी, कॉइल गरम असतानाच, ४.१ पासून स्पार्क पुन्हा बघा.